उचललेली गाडी आणि आतले सामान



गाडी कुठे उभी करावी, हा पनवेलकरांना आता रोजच पडणारा प्रश्न आहे. टपाल नाका, लाईन आळी, उरण नाका हा आपला जुना भाग माणसांच्या वर्दळीसाठी होता, चारचाकींसाठी नव्हे. २०१६ साली आपले गाव महानगरपालिका झाले, पण त्यामुळे गल्ल्या काही रुंद झाल्या नाहीत. तेव्हा कोणाची ना कोणाची गाडी चुकीच्या जागी उभी राहते आणि कधीतरी ती उचलूनही नेली जाते. मालक परत येतो तो रिकामी जागा पाहतो. आधी त्याचा जीव घाबरा होतो, गाडी चोरीला गेली की काय! मग शेजारचा पानवाला सांगतो, "टोइंगवाले घेऊन गेले." मग राग येतो, मग दंडाचा हिशेब सुरू होतो आणि या सगळ्यानंतर एकदम आठवते की गाडीत आईच्या गोळ्या राहिल्या आहेत. किंवा मुलीचे परीक्षेचे हॉल तिकीट. किंवा उद्याच्या स्नानसंस्कारासाठी शिवून आणलेला बाळाचा पांढरा झगा.

गाडी चुकीच्या जागी होती, हे कबूल. पण आईच्या गोळ्या काही चुकीच्या जागी नव्हत्या.

या आठवड्यात याच लहानशा गोष्टीचा विचार करावा असे वाटले. एखाद्याची वस्तू आपल्या ताब्यात योग्य कारणाने आली, तर तिच्याबरोबर आलेल्या बाकीच्या वस्तूंवर आपला हक्क किती? आणि ज्याची चूक आहे त्याने बाकीच्या वस्तू मागायच्या की मान खाली घालून गप्प बसायचे?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या १२७व्या कलमात गाडी हलवण्याविषयी लिहिले आहे. मनाई असलेल्या ठिकाणी उभी केलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तासांहून अधिक काळ बेवारस पडलेली गाडी गणवेशातील पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो किंवा तिच्या चाकाला जॅमर लावायला सांगू शकतो. टोइंगचा खर्च मालकाने द्यायचा आणि जो काही दंड असेल तो वेगळा. एवढेच. गाडीतल्या डब्यावर, पिशवीवर, वहीवर जप्ती आणल्याचा एक शब्दही त्या कलमात नाही. कागदपत्रे नसल्यामुळे गाडी अडवण्याचे २०७वे कलम आहे, तेही गाडी तात्पुरती सुरक्षित ताब्यात ठेवण्याबद्दल बोलते. 'सुरक्षित' हा शब्द महत्त्वाचा आहे. गाडी अडवणारा त्या गाडीचा राखणदार होतो, धनी नव्हे.

तरीही प्रत्यक्षात काय घडते? खिडकीपाशी उभा असलेला माणूस म्हणतो, "साहेब, दंड उद्या भरतो, आता पैसे नाहीत, पण आतली औषधाची पिशवी तेवढी द्या." आणि पलीकडून उत्तर येते, "आधी पावती फाडा, मग काय ते घेऊन जा." हे उत्तर देणारा माणूस दुष्ट असतोच असे नाही. दिवसभर उन्हात उभा राहून लोकांच्या शिव्या खाल्लेला असा तो एक नोकरदार असतो. नियमात लिहिलेले नाही म्हणजे करायचे नाही, अशी त्याला सवय झालेली असते. पण नियमात 'द्या' असे लिहिलेले नाही, तसे 'देऊ नका' असेही लिहिलेले नसते. त्या मोकळ्या जागेत माणसाची सद्सद्विवेकबुद्धी काम करते. तिथे तिच्याशिवाय दुसरे कोणी नसतेच.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अगदीच चुकीचा नाही. लोक म्हणतात, "सामान सहज दिले तर दंड भरायला कोण येईल? अडले म्हणूनच माणूस धावत येतो." पण जरा बघा, लाखो रुपयांची गाडी ताब्यात असताना गोळ्यांच्या पाकिटाने त्यात कोणती भर पडते? गाडीसाठी तो येणारच आहे. पाकीट अडवल्याने येतो तो थोडा लवकर, आणि अधिक लाचार होऊन. हा लाचारपणा दंडाच्या पावतीवर कुठे लिहिलेला नसतो. कायद्याने दंडाचा आकडा ठरवून दिला आहे. त्यावर आपण आपल्या मनाने जी शिक्षा वाढवतो तिची ना पावती असते, ना अपील.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे. "नियम मोडताना विचार करायचा होता!" हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी उच्चारलेले आहे, मुलांना तर रोज. पण याच वाक्याचा परिणाम असा होतो की चूक केलेला माणूस स्वतःच स्वतःला बिनहक्काचा समजू लागतो. त्याला वाटते, आपण चुकलो ना, मग आता जे मिळेल ते मुकाट्याने घ्यावे. चुकीची कबुली आणि हक्काचा त्याग या दोन गोष्टी त्याच्या मनात एक होऊन जातात. ज्यांना अधिकाऱ्याशी बोलण्याची सवय आहे, ओळखी आहेत, ते हसत हसत सामान घेऊन जातात. जो गरीब आहे, ज्याला मराठी नीट येत नाही, जी बाई एकटी आहे, ती रिकाम्या हाताने परतते.

पवित्र शास्त्रात या विषयावर आश्चर्य वाटावे इतके बारीक लिहिले आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तारणाविषयी नियम आहेत. कर्ज देणाऱ्याचा तारण घेण्याचा हक्क तिथे नाकारलेला नाही. पण जात्याची तळी किंवा तिच्यावर फिरणारी वरची तळी तारण म्हणून घेऊ नये, असे सांगितले आहे; जाते नेले तर घरातले पीठच बंद होईल. कर्ज देणाऱ्याने तारण आणायला दुसऱ्याच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे आणि घरच्या माणसाने ते आपल्या हाताने बाहेर आणून द्यावे, असेही म्हटले आहे. आणि गरिबाने पांघरूण गहाण ठेवले असेल तर सूर्य मावळताना ते त्याला परत करावे, म्हणजे तो त्यात झोपेल. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातही हाच नियम आहे. पैसे फिटले की नाही, याचा सूर्यास्ताशी संबंध जोडलेला नाही. कर्ज उभेच आहे, तरी रात्रीपुरते पांघरूण परत द्यायचे. ज्यांनी हा नियम मोडला त्यांच्यावर आमोस संदेष्टा कसा संतापला, तेही आठवा. गहाण घेतलेली वस्त्रे अंथरून लोक वेदीशेजारी पहुडतात, हा त्याचा आरोप होता. वेदीशेजारी! बाजारात नव्हे.

मला या नियमांतला घराबाहेर उभे राहण्याचा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. कर्जदाराने पैसे बुडवले असतील, तरी त्याच्या घराचा उंबरा त्याचाच आहे. आत काय आहे, कुठले तारण द्यायचे, हे तो ठरवणार. त्याच्या घरातल्या वस्तू चाचपून पाहण्याचा परवाना देणेकऱ्याला मिळालेला नाही.

आता हे नियम घेऊन कळंबोलीला जाऊ या. पोलाद बाजारात आणि जेएनपीटीच्या वाटेवर उभे असलेले ट्रक आणि कंटेनर आपण रोज पाहतो. त्या ट्रकची केबिन म्हणजे चालकाचे घर. सीटच्या मागे त्याची गादी, चादर, कपड्यांची पिशवी, आरसा, दाढीचे सामान, कोणाकडे छोटा स्टोव्ह आणि तवा. समोर काचेवर त्याच्या देवाचे चित्र आणि मुलांचा फोटो. समजा, ट्रकच्या मालकाचे हप्ते थकले आणि ट्रक ओढून नेला गेला. कर्ज कोणाचे? मालकाचे. गाडी कोणाची? कागदावर मालकाची. पण अंथरूण कोणाचे? ते उत्तर प्रदेशातून किंवा मराठवाड्यातून आलेल्या त्या चालकाचे, ज्याने कर्जाच्या कागदावर सही केलेली नाही, हप्ता चुकवलेला नाही. मालकाची गाडी जाते, तेव्हा चालकाचे घर जाते. रात्री पुलाखाली तो अंगावरच्या शर्टानिशी झोपतो, आणि त्याचे पांघरूण कोणाच्या तरी कुलुपात असते. पुराणकाळातली वाटणारी ती सूर्यास्ताची अट इथे अगदी शब्दशः लागू पडते.

कर्जवसुलीच्या नावाखाली दमदाटी करून वाहने ओढून नेण्याचे प्रकार देशभर इतके वाढले होते की २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात गुंडांकरवी वसुली करण्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. पाठोपाठ २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली करणाऱ्या एजंटांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वाहन परत घेण्याची अट करारात स्पष्ट असावी, नोटिशीची मुदत असावी, विकण्यापूर्वी कर्जदाराला फेडीची शेवटची संधी मिळावी, असे त्यात आहे. म्हणजे घेणाऱ्याचाही हक्क राहिला आणि देणाऱ्याचाही. मात्र या सगळ्यात चालकाच्या चादरीचे नाव घ्यायला कोणी नसते. तिची आठवण ठेवणारा माणूस त्या आवारातच असावा लागतो.

आपल्या दिवाणी कायद्यातही पांघरूण आणि जाते आहे, हे कदाचित वाचकांना ठाऊक नसेल. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६०वे कलम सांगते की न्यायालयाचा हुकूमनामा झाला तरी काही वस्तू जप्त करता येत नाहीत. ऋणको, त्याची पत्नी आणि मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, आणि पोटापाण्यासाठी लागणारी गुरे व बियाणे. हे कलम टोइंगसाठी लिहिलेले नाही, ते हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी आहे. पण कायदा करणाऱ्याला काय वाटत होते ते त्यातून कळते. कर्ज कितीही खरे असले तरी माणसाची झोप, चूल आणि हत्यार त्यातून वगळायचे. रिक्षावाल्याची पाने-पक्कड, सुताराची करवत, प्लंबरची पेटी गाडीत अडकून पडते तेव्हा त्याचा उद्याचा रोजही त्यात अडकतो. हेच आजचे जाते.

आणखी एक जुना कायदा म्हणजे १८७२ चा करार कायदा. दुसऱ्याची वस्तू ज्याच्याकडे राखायला दिली त्याने तिची काळजी, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी घ्यावी, असे तो सांगतो. आणि तारण एका कर्जासाठी घेतले असेल, तर वेगळा करार नसताना ते दुसऱ्याच देण्यासाठी अडवून ठेवता येत नाही, हेही त्यात आहे. इन्सुलिन बंद गाडीच्या उन्हात ठेवले तर ते निकामी होते. पनवेलच्या मे महिन्यात बंद काचांच्या आत सुक्या बोंबलांची पिशवी दोन दिवस राहिली तर काय होते, ते सांगायची गरज नाही. त्या गाडीच्या मालकाला पुढे वर्षभर कोणी लिफ्ट मागत नाही!

मात्र राखणदाराची बाजूही ऐकली पाहिजे. त्याच्याकडे रोज कितीतरी गाड्या येतात. प्रत्येकात काय होते हे त्याला ठाऊक नसते. उद्या कोणी येऊन म्हणाला, "डॅशबोर्डमध्ये वीस हजार होते, गेले कुठे?" तर तो काय दाखवणार? आणि असे म्हणणारे लोक असतात. दंडाचा राग काढण्यासाठी नसलेली सोन्याची चेन गाडीत होती म्हणून सांगणारे असतात. आधीच फुटलेला आरसा टोइंगवर ढकलणारेही असतात. सातवी आज्ञा राखणदारासाठी आहे, तर आठवी मालकासाठी. खोटी साक्ष फक्त कोर्टातच दिली जाते असे नाही. सामान मागायला आलेला माणूस औषधाच्या निमित्ताने किल्ली फिरवून गाडीच घेऊन पळेल, ही भीतीही खरी आहे. म्हणून साधा मार्ग असा की मालकासमोर दार उघडावे, मालकाने स्वतः हात घालून आपली वस्तू काढावी, कागदावर दोन ओळी लिहून दोघांनी सही करावी. यात अनुवादातला बाहेर उभे राहण्याचा नियमही आपोआप पाळला जातो, आणि राखणदाराच्या डोक्यावरचा संशयही उतरतो. पंचनामा हा शब्द आपल्याला भीतीदायक वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच की काय होते ते चार जणांसमोर लिहून ठेवले.

नोव्हेंबर २०१७ मधली मालाडची घटना अनेकांना आठवत असेल. टोइंग व्हॅन एक गाडी ओढत होती आणि आत एक आई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. चित्रफीत सगळीकडे पसरली, संबंधित हवालदार निलंबित झाला. नंतर दुसरी चित्रफीत पुढे आली आणि बाळ सुरुवातीपासून गाडीत होते का, यावर वाद झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्याच्या नाना पेठेत तर दुचाकी तिच्यावर बसलेल्या माणसासकट क्रेनने वर उचलली गेली. दोन्ही वेळा महाराष्ट्रभर संताप उसळला, आणि तो योग्यच होता. गाडीत माणूस आहे म्हटल्यावर गाडी आणि आतले यातला फरक सर्वांना एका क्षणात कळला. पण जिवंत माणूस ओरडू शकतो, काच ठोठावू शकतो. वस्तूला तोंड नसते. तिच्यामागे असलेला माणूस तिथून चार किलोमीटरवर रिक्षा शोधत असतो.

हा विषय गाड्यांपुरता नाही, म्हणून तर तो इथे घेतला. आपल्या कोकणातली, रायगडातली कितीतरी मुले आखातात कामाला गेली. त्यांपैकी अनेकांचे पासपोर्ट मालकाने आपल्या कपाटात ठेवून घेतले. काम कमी केले, वाद झाला, तर पगार कापावा. पण पासपोर्ट अडवणे म्हणजे माणसाची घरी जायची वाटच अडवणे. कॉलेजांनी विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ साली लेखी कळवावे लागले. त्याच वर्षी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली, आणि बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृताचे शरीर अडवून ठेवू नये, हेही तिच्यात लिहावे लागले. मृताचे शरीर! बिल खरे असेल, डॉक्टरांनी रात्री जागवल्या असतील, पैसे मागण्याचा पूर्ण हक्क असेल. पण ते शरीर तारण म्हणून कोणी दिलेले नव्हते.

आणि आपल्या इमारतींत? मेंटेनन्स थकलेल्या सभासदाचे पाणी तोडावे, असा ठराव किती सोसायट्यांच्या सभेत टाळ्यांच्या गजरात आला असेल. थकबाकी वडिलांची, तहान मुलांची. भाडे थकलेल्या भाडेकरूची भांडी गॅलरीत टाकताना 'माझी जागा आहे' हे वाक्य खरेच असते. जागा तुमची आहे, पण भांडी तुमची नाहीत.

राहता राहिला प्रश्न न मागितलेल्या सामानाचा. पोलीस ठाण्यांच्या आवारात वर्षानुवर्षे गंजणाऱ्या गाड्या आपण पाहतो. १ ऑक्टोबर २००२ रोजी सुंदरभाई अंबालाल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा गाड्या ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही. फोटो काढावेत, पंचनामा करावा, हमी घेऊन त्या मालकाला द्याव्यात, कोणीच न्यायला आले नाही तर लिलावाचा हुकूम व्हावा. तेव्हाची फौजदारी प्रक्रिया संहिता १ जुलै २०२४ पासून जाऊन तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी आवारातल्या गाड्या फारशा हललेल्या दिसत नाहीत. त्यांतल्या काही द्रुतगती मार्गावरच्या अपघातातल्या असतात. लिलावात पत्र्याला वजनावर भाव येतो, इंजिनालाही येतो. मागच्या सीटखाली सरकलेला लहान मुलाचा एक बूट, प्रार्थनेचे पुस्तक, लग्नपत्रिकांचा गठ्ठा यांना कोणी बोली लावत नाही. ते भंगाराबरोबर जाते. ज्याच्या हाती ती गाडी उघडायचे काम येते, त्याने एक पिशवी बाजूला काढून ठेवावी, एवढे तरी करता येते. पत्रिकेवर पत्ता असतो आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर बऱ्याचदा नाव.